हंगाम आंब्याचा, टंचाई पाण्याची: आपल्या युनिटचं पाणी येतं कुठून, जातं कुठे?



मार्च उजाडला की आपल्या कोकणातल्या गटांची धांदल सुरू होते. आधी कैऱ्या, मग रातांबे, मग आंब्याचा रस आणि फणस. लोणचं, आमसुलं, आगळ, पल्प, साठं, गरे. वर्षाची निम्मी कमाई या तीन महिन्यांत होते. आणि नेमके हेच तीन महिने आपल्या विहिरी तळाला जातात. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटर पडतो, पण जांभ्याच्या जमिनीतून तो समुद्राकडे निघून जातो आणि मे महिन्यात वाडीवर टँकरची वाट बघावी लागते.

आज लोणच्याच्या मसाल्याबद्दल नाही, पाण्याबद्दल बोलूया. सुरुवात आमच्याच गटाच्या चुकीने करते.

आमचं युनिट वाडीच्या टोकाला, एका जुन्या पडवीत. कैऱ्यांच्या फोडी आम्ही मिठाच्या पाण्यात पिंपांत भरून ठेवायचो आणि फोडी काढल्या की पिंपातलं खारं पाणी मागच्या बाजूला ओतून द्यायचो. मी स्वतः कितीतरी वेळा ओतलंय. "जमिनीत जिरतंय ना, मग झालं," असं वाटायचं. मे महिन्यात खालच्या घरातल्या काकी आल्या. भांडायला नाही, विचारायला. म्हणाल्या, "अगो, आमच्या बावीचा पाणी खारट लागता. तुमका काय म्हायत आसा काय?"

आम्ही गप्प. दोन दिवसांनी गावातल्या तपासणी संचाने त्या विहिरीचं पाणी तपासलं. क्लोराइड, म्हणजे मिठाचा अंश, जास्त निघाला. त्या घरात पिण्याचं पाणी पाऊस पडेपर्यंत वरच्या वाडीतून कळशीने आणावं लागलं. आमचे लोणच्याचे पैसे आले, पण त्यांच्या सुनेच्या डोक्यावर रोज चार खेपा चढल्या. त्याही एका गटाच्या सदस्य आहेत. म्हणून हा लेख.

आधी मोजा, मग बोला

आपण मीठ, साखर, तेल सगळं तोलून घेतो. पाणी मात्र फुकटचं म्हणून अंदाजाने वापरतो. एक दिवस एवढंच करा: पाइप बादलीत सोडा आणि बादली किती वेळात भरते ते मोबाइलच्या घड्याळात बघा. 15 लिटरची बादली एका मिनिटात भरली, तर तुमचा पाइप मिनिटाला 15 लिटर पाणी देतो. आता कैऱ्या धुताना तो किती वेळ चालू राहतो ते लिहा. पाऊण तास चालला तर 675 लिटर गेले. त्यातले किती कैरीला लागले आणि किती नुसतेच वाहिले, हे तुम्हीच बघा.

वहीत चार रकाने पुरतात: तारीख, किती किलो माल केला, किती पाणी लागलं, ते कशाला लागलं. आठ दिवसांत कळतं की सगळ्यात जास्त पाणी कुठे जातं. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच येतं: फळ धुणं आणि संध्याकाळी फरशी-भांडी धुणं.

फळ धुवायला तीन टोपं

चालू पाइपाखाली फळ धुण्यापेक्षा 50 लिटरची तीन मोठी टोपं ओळीने ठेवा.

पहिल्या टोपात माती, चीक आणि कचरा निघतो. दुसऱ्यात फळ पुन्हा खळबळून घ्या. तिसऱ्यात स्वच्छ पाणी आणि निर्जंतुक करणारं क्लोरीन. पहिल्या टोपातलं पाणी गढूळ झालं की ते बाहेर जातं. दुसऱ्याचं पहिल्यात, तिसऱ्याचं दुसऱ्यात, आणि नवं पाणी फक्त तिसऱ्यात. फळ पुढे सरकतं आणि पाणी मागे येतं, म्हणजे एकच पाणी तीनदा कामाला येतं.

हिशेब करा. सुरुवातीला 150 लिटर. दिवसात चार वेळा पाणी बदललं तर आणखी 200. एकूण 350 लिटर. पाइपाच्या 675 लिटरच्या जवळजवळ निम्मं.

क्लोरीनचं प्रमाण: खाद्यपदार्थांसाठी चालणारं सोडियम हायपोक्लोराइट 5 टक्क्यांचं असेल, तर 50 लिटर पाण्याला 50 मिलिलिटर. त्यात फळ पाच मिनिटं ठेवा आणि नंतर पिण्याच्या पाण्याचा एक हात जरूर मारा. बाटलीवर किती टक्के लिहिलंय ते आधी वाचा. टक्केवारी वेगळी असेल तर मापही बदलेल. सुगंधी किंवा फरशी पुसायचं औषध वापरू नका. आणि आम्लाच्या बाटलीबरोबर ते कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

इथे पाणी वाचवायचं नाही

ही गोष्ट ठळक लिहून भिंतीवर लावा. हात धुण्यात, बरण्या-बाटल्या निर्जंतुक करण्यात आणि फळाच्या शेवटच्या धुण्यात काटकसर नको. पदार्थाला लागणारं प्रत्येक थेंब पाणी पिण्यायोग्यच हवं. एफएसएसएआयच्या नोंदणीतली ही मूळ अट आहे, आणि ती कागदापुरती नाही. एका बरणीला बुरशी आली तर दहा दुकानं हातची जातात.

पिण्याच्या पाण्याचा भारतीय मानक 10500 सांगतो की 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय जंतू एकही आढळता कामा नये, आणि क्लोरीन टाकलेल्या पाण्यात शेवटी लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणी संचाचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. तुमच्या गावात त्या कोण आहेत, हे ग्रामसंघाच्या बैठकीत विचारा. हंगामाआधी एकदा आणि हंगामात एकदा तपासून घ्या. पाऊस सुरू झाला की पुन्हा तपासा, कारण पहिल्या पावसात विहिरीत घाण उतरते.

पुन्हा वापरता येईल असं पाणीही असतं. बाटल्या उकळलेलं आणि गार करायला घेतलेलं पाणी तसं स्वच्छच असतं. ते ओतून न देता भांड्यांच्या पहिल्या धुण्याला किंवा फरशीला घ्या. गरम असल्यामुळे चिकट रस पटकन सुटतो. पदार्थात मात्र ते घालू नका.

रस तर गोड, मग पाणी घाण कसं?

खूपजणी विचारतात, "आम्ही कुठे रसायन वापरतो? आंब्याचं पाणी व्हाळात गेलं तर काय बिघडलं?"

बिघडतं ते असं. व्हाळातल्या माशाला श्वास घ्यायला पाण्यात विरघळलेला प्राणवायू लागतो. स्वच्छ पाण्याच्या एका लिटरमध्ये तो जेमतेम 8 मिलिग्रॅम असतो. गोड रस पाण्यात पडला की जंतू त्याच्यावर तुटून पडतात, आणि खाताना तोच प्राणवायू संपवतात. एक पेला आमरसात साधारण 20 ग्रॅम साखर धरा. ती कुजायला जवळजवळ तेवढाच, 20 ग्रॅम प्राणवायू लागतो. म्हणजे एका पेल्याने सुमारे अडीच हजार लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू खाल्ला! मग पाणी काळं पडतं, वास सुटतो, मासे उलटतात आणि डास वाढतात.

पाण्याची ही 'भूक' मोजतात, तिला बीओडी म्हणतात. व्हाळात किंवा नदीत सोडायच्या सांडपाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा लिटरला 30 मिलिग्रॅम, आणि जमिनीवर सिंचनाला सोडायचं असेल तर 100. घरगुती सांडपाणी दोन-तीनशेच्या आसपास असतं. फळाच्या रसाची भूक हजारोंच्या घरात जाते.

यावरून एक सोपा नियम निघतो. रस, गर, साल हे पाण्यात जाऊच द्यायचं नाही. एकदा मिसळलं की वेगळं काढायला पैसे लागतात, मिसळायच्या आधी उचलायला फक्त झाडू लागतो.

आधी कोरडं, मग ओलं

संध्याकाळी सफाई करताना पाइप हातात घेण्याआधी या गोष्टी करा:

भांड्याला, पल्परला लागलेला रस रबरी पट्टीने किंवा उलथन्याने निपटून घ्या. निपटलेला रस साठाला चालतो, म्हणजे तोही पैसाच. सांडलेल्या साली, देठ, गर सुपलीने गोळा करा आणि मगच फरशी ओली करा. मोरीच्या तोंडावर बारीक जाळी बसवा आणि ती रोज काढून झटका.

गोळा झालेल्या मालाचं काय? आंब्याचे बाठे कलमांच्या रोपवाटिकांना लागतात, आधी विचारून ठेवा. फणसाची चारखंडं गुरं खातात. कोकमाच्या बियांचं तेल निघतं. उरलेल्या साली खतखड्ड्यात, पालापाचोळ्याबरोबर थर देऊन. नुसत्या साली टाकल्या तर आंबतात आणि चिलटं होतात. खारवलेल्या फोडी किंवा मिठाचा चुरा खतात अजिबात नको.

तळणीचे पदार्थ करणाऱ्या गटांनी लक्षात ठेवा, तेल मोरीत कधीच नाही. थेंबभर तेलही पाण्यावर तवंग धरतं आणि शोषखड्ड्याची भोकं बुजवतं. कढईतलं तेल आधी कागदाने पुसा. वापरलेलं तेल वेगळ्या डब्यात साठवून ते घेणाऱ्या अधिकृत संकलकालाच द्या.

मिठाचं पाणी: याला वेगळा डबा

गोड पाणी कुजतं आणि काही दिवसांत साफ होतं. तेल वर तरंगतं, काढता येतं. मीठ मात्र कुजत नाही, गाळलं जात नाही, झाडाच्या मुळांनी आणि शोषखड्ड्याने अडत नाही. ते सरळ खाली जातं. आमची चूक इथेच झाली.

हिशेब ऐका. 10 टक्के मिठाच्या पाण्याची 10 लिटरची एक बादली म्हणजे एक किलो मीठ. पिण्याच्या पाण्यात एकूण विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत, असं मानक आहे. एक किलो मीठ दोन हजार लिटर शुद्ध पाण्याला त्या रेषेवर नेऊन ठेवतं. आता आठ फूट व्यासाची विहीर घ्या, मे महिन्यात तळाला तीन फूट पाणी. ते भरतं सुमारे सव्वाचार हजार लिटर. दोन-तीन बादल्यांत विहिरीचं काम झालं! ओतलेलं सगळं मीठ विहिरीत पोचत नाही, हे खरं. पण आपण एक दिवस ओतत नाही, हंगामभर ओततो.

मग करायचं काय?

पहिलं, खारं पाणी तयारच कमी करा. फोडींना मीठ चोळून खारवलं की त्यांचंच पाणी सुटतं आणि ते लोणच्यातच वापरता येतं. आम्ही आता असंच करतो. रेसिपी बदलताना मिठाचं प्रमाण नीट तोला आणि आधी लहान लॉट करून टिकतो का ते बघा.

दुसरं, जे खारं पाणी उरेल ते झाकणाच्या पिंपात वेगळं ठेवा आणि उन्हात आटवा. जाड प्लॅस्टिक अंथरलेला उथळ वाफा, वर जाळी. एप्रिल-मेचं ऊन फुकट आहे. पहिला पाऊस यायच्या आत वाफा रिकामा झाला पाहिजे, नाहीतर केलेलं सगळं वाहून जाईल.

तिसरं, तळाला राहिलेलं मीठ खायला वापरायचं नाही. आपल्याकडे माडाच्या आळ्यात मीठ घालायची जुनी पद्धत आहे, कारण माड मीठ सोसतो. पण मापात, कृषी सहाय्यकांना विचारून, आणि विहिरीपासून लांबच्या माडाला. केळ, पोफळ, भाजीपाला यांना हे मीठ चालत नाही.

उरलेल्या पाण्यासाठी साधी व्यवस्था

मीठ, तेल आणि गर बाजूला काढल्यावर जे धुण्याचं पाणी उरतं, त्याची व्यवस्था गावातला गवंडीही करू शकतो.

*निवळ टाकी.* एका दिवसाचं पाणी मावेल एवढी. दिवसाला 400 लिटर पाणी निघत असेल तर 3 फूट लांब, अडीच फूट रुंद, 2 फूट खोल टाकी पुरते. मध्ये अर्धी भिंत घालून दोन कप्पे करा. बाहेर जाणाऱ्या पाइपाला खाली वळणारा कोपर लावा, म्हणजे वरचा तवंग आत राहतो. तळाचा गाळ दर आठ-पंधरा दिवसांनी काढून खतखड्ड्यात टाका. गाळ काढायला विसरलात तर टाकीच वास मारायला लागते.

*आंबटपणा.* कैरी आणि कोकमाचं पाणी आंबट असतं, झाडाची मुळं जळतात. पीएच पट्टी स्वस्त मिळते. बाहेर सोडायचं पाणी साडेपाच ते नऊच्या मध्ये हवं. कमी असेल तर टाकीत थोडा थोडा चुना कालवून पुन्हा बघा.

*झाडांचा वाफा.* टाकीतून पाणी खडी-वाळूच्या वाफ्यात सोडा. त्यात कर्दळ, अळू, लव्हाळे लावा. मुळांशी राहणारे जंतू उरलेली घाण खातात. तिथून पाणी केळीला द्या. त्या वाफ्यातलं अळू भाजीला मात्र घेऊ नका. आणि भरपूर क्लोरीनचं पाणी एकदम सोडू नका, आपल्या कामाचे जंतूही मरतात. दिवसभर उघडं ठेवून मग सोडा.

*शोषखड्डा.* केळीलाही जास्त होईल तेवढं पाणी शोषखड्ड्यात. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेतले, उघडी गटारं बंद केली आणि डास हटवले. तो प्रयोग राज्यभर पोचला. पण त्यांची जमीन वेगळी, आपली वेगळी. जांभ्याला भेगा असतात आणि पाणी न गाळता विहिरीपर्यंत धावतं. म्हणून विहिरीपासून किमान 60 फूट अंतर ठेवा आणि खड्डा विहिरीच्या उताराच्या वरच्या बाजूला घेऊ नका. पावसाळ्यात जिथे खालून पाणी वर येतं, तिथे शोषखड्डा नकोच. जागा दाखवायला पंचायत समितीच्या अभियंत्यांना बोलवा.

कागद आणि पैसे

1974 च्या जलप्रदूषण प्रतिबंध कायद्याने विहिरीत किंवा ओढ्यात घाण सोडायला मनाई आहे. युनिट लहान आहे म्हणून ती मनाई उठत नाही. युनिट मोठं करण्याआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते का, ते जिल्हा उद्योग केंद्रात लेखी विचारून घ्या.

पैशांसाठी: शोषखड्ड्याचं काम रोजगार हमीतून किंवा स्वच्छ भारत मिशनच्या सांडपाण्याच्या कामातून घेता येईल का, हे ग्रामसेवकांना विचारा आणि ग्रामसभेत मागणी नोंदवा. 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत गटातल्या सदस्याला 40 हजार रुपयांपर्यंत बीज भांडवल खेळतं भांडवल आणि लहान अवजारांसाठी ठेवलेलं होतं. तुमच्या गटाला आता काय मिळू शकतं, ते तालुका कृषी कार्यालयात आणि आपल्या सीआरपी ताईंकडे विचारा. नव्या यंत्राचा प्रस्ताव करताना निवळ टाकीचा खर्च त्याच अंदाजपत्रकात लिहा. नंतर त्यासाठी वेगळे पैसे कोणी देत नाही.

पुढच्या बैठकीत हे पाच विषय घ्या

1. पाण्याची वही कोण लिहिणार?
2. तीन टोपं आणि मोरीची जाळी कधी आणणार?
3. खारं पाणी कुठे साठवणार, आणि पावसाआधी वाफा रिकामा झाला का ते कोण बघणार?
4. युनिटच्या उताराखाली कुणाकुणाच्या विहिरी आहेत? त्या घरांत जाऊन कोण बोलणार?
5. विहिरीची तपासणी कोणत्या तारखांना करणार?

चौथा विषय सोडू नका. आम्ही तो सुरुवातीलाच घेतला असता तर काकींना चढ चढून आमच्या दारात यावं लागलं नसतं.

त्या वर्षी आम्ही गटाच्या खात्यातून काकींच्या घरी पिण्याच्या पाण्याची टाकी दिली. पाऊस पडला, विहीर भरली, खारटपणा गेला. पुढच्या मार्चमध्ये पहिल्या कैऱ्या यायच्या आधी आम्ही तपासणी संच घेऊन त्यांच्याच विहिरीवर गेलो. तेव्हापासून हंगामात महिन्यातून एकदा ती तपासणी होते आणि आकडा आमच्या वहीत लिहिला जातो. वही बघायला काकींची सून स्वतः येते. आली की आमच्याबरोबर बसून चार कैऱ्याही फोडते.

तुमच्या युनिटच्या मागे पाणी कुठे जातं, ते उद्या सकाळी एकदा उताराने चालत जाऊन बघा. आणि जे दिसेल ते बैठकीत सांगा.